रिकाम्या हॉटेलचं वीजबिल

नाशिकमध्ये हॉटेलांचं ऊर्जा परीक्षण करायला लागले तेव्हापासून मालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "मॅडम, आमचं बिल जास्त येतंय का?" प्रश्न सरळ आहे, उत्तर सरळ नाही. जास्त म्हणजे कोणापेक्षा? मागच्या वर्षीपेक्षा, की शेजारच्यापेक्षा? मागच्या वर्षी त्या महिन्यात लग्नाच्या तिथी किती होत्या, दिवाळी ऑक्टोबरात आली होती की नोव्हेंबरात, शेजारचा चादरी-टॉवेल घरीच धुतो की बाहेर देतो, हे समजल्याशिवाय दोन बिलं शेजारी ठेवून काहीही हाती लागत नाही. तरी मालकाचा प्रश्न रास्तच आहे. पगार आणि किराणा यांच्या जोडीला हॉटेलचा मोठा खर्च विजेचा आणि इंधनाचा, आणि तो योग्य आहे की नाही हे त्याला कोणीच सांगत नाही.

आधी मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत हे काम करायचे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची परीक्षा देऊन ऊर्जा परीक्षक झाले, ती कारखाने डोळ्यांसमोर ठेवूनच. कारखान्यात भागायचं कशाने ते ठरलेलं असतं. इतके टन माल, इतके नग, आणि त्यांना इतके युनिट. एका नगामागे किती वीज हे फोरमनलाही तोंडपाठ असतं. हॉटेलात पाऊल ठेवलं तेव्हा जाणवलं की इथे बिलाची रक्कम सगळ्यांना माहीत आहे, पण ती कशाने भागायची हे कोणी ठरवलेलंच नाही.

नाशिकची हॉटेलं एका तराजूत बसतही नाहीत. पंचवटीत रामकुंडाच्या आसपास यात्रेकरूंचे लॉज आहेत, पंखा आणि एक बादली गरम पाणी एवढीच त्यांची सेवा. मुंबई नाका, द्वारका, आग्रा रोड या पट्ट्यात कंपन्यांच्या पाहुण्यांची हॉटेलं, सोमवार ते गुरुवार भरलेली आणि रविवारी शांत. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांतले रिसॉर्ट, त्यांचं सगळं शनिवार-रविवारी. त्र्यंबक रस्त्यावरच्या हॉटेलांना श्रावणातले सोमवार आणि लांब सुट्ट्या सांभाळायच्या असतात. शिवाय लग्नाचे हॉल आणि लॉन जोडलेली हॉटेलं आहेत, जिथे एका रात्रीच्या लग्नाचा भार आठवडाभराच्या खोल्यांपेक्षा जड भरतो.

इमारतींसाठी सर्वांत रूढ माप म्हणजे दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट. ब्युरोने 2009 पासून कार्यालयांच्या इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली ती याच मापावर. कार्यालयाला ते शोभतं, कारण तिथे माणसं रोज तितकीच येतात. हॉटेलचं तसं नाही. खोल्या रिकाम्या असल्या की दर चौरस मीटरचा आकडा आपोआप उतरतो आणि मालकाला वाटतं, आपण वीज वाचवली. म्हणून मी दोन्ही मापं काढते : दर चौरस मीटर, आणि दर भरलेल्या खोलीच्या रात्रीमागे. दोन्ही एकत्र वाचली तरच काही कळतं. एक घसरतं आणि दुसरं चढतं, तेव्हा त्या हॉटेलात काहीतरी शोधण्यासारखं असतं.

हे भागाकार करण्याआधी सगळी ऊर्जा एका मापात आणावी लागते, आणि इथे फार गोंधळ असतो. महावितरणचं बिल युनिटमध्ये, गॅस सिलिंडरमध्ये, डिझेल लिटरमध्ये, तंदूरचा कोळसा पोत्यात. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचं. एक किलो एलपीजीत पावणेतेरा युनिटांच्या आसपास उष्णता असते, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे 240 युनिट. डिझेलच्या एका लिटरमध्ये दहा युनिट उष्णता असते, पण जनरेटरमधून त्यातले तीन-साडेतीन युनिटच वीज होऊन बाहेर पडतात, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून जाते. हा हिशेब मांडून दाखवला की स्वयंपाकघर पहिल्यांदा चर्चेत येतं. तोवर ऊर्जा म्हणजे एसी आणि दिवे असंच सगळे धरून चालतात. दिवसाला चार सिलिंडर जाळणारं स्वयंपाकघर म्हणजे साडेनऊशे युनिट झाले, हे ऐकल्यावर एका शेफनी लगेच उठून बर्नरची ज्योत तपासली होती. ती निळी हवी, पिवळी दिसली तर गॅस पूर्ण जळत नाही आणि भांडी काळी होतात.

आकडे गोळा करणं हे यातलं सर्वांत अवघड काम, आणि ते तांत्रिक कारणांनी अवघड नाही. वीजबिल कोणीही दाखवतं. गॅसची बिलंही मिळतात. पण कोणत्या महिन्यात किती खोल्या भरल्या, हे विचारलं की खोलीतली हवा बदलते. ऑक्युपन्सी हे धंद्याचं गुपित. ती शेजाऱ्याला कळली तर तो दर पाडेल, ही भीती आहे आणि ती खोटी नाही. काही हॉटेलांच्या देखभाल विभागांना एकत्र आणून आम्ही आपापसांत आकडे ताडून पाहायचं ठरवलं, तेव्हा पहिली बैठक याच मुद्द्यावर अडली. शेवटी एक वयस्कर मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, म्हणाले, "नाव कशाला हवं? अक्षर द्या ना." मग प्रत्येक हॉटेलला एक अक्षर दिलं. कोणतं अक्षर कोणाचं ते फक्त माझ्याकडे. तक्त्यात भरलेल्या खोल्यांचा आकडा छापायचा नाही, भागाकाराचं उत्तर तेवढं छापायचं. एवढं केल्यावर माहिती यायला लागली.

माहिती आली तरी ती लगेच वापरता येत नाही. लघुदाब बिलात रीडिंगची तारीख महिन्याच्या मधेच कुठेतरी असते आणि फ्रंट ऑफिसचा अहवाल 1 तारखेपासून मोजतो. गॅसचं सिलिंडर खरेदी केलं त्या दिवशी लिहिलं जातं, संपलं त्या दिवशी नाही. लाँड्री बाहेर देणाऱ्याचा आकडा सुंदर दिसतो, पण ती वीज गावात दुसरीकडे जळलेलीच असते. जगातल्या हॉटेल कंपन्यांनी 2012 मध्ये कार्बन मोजण्याची एक समान पद्धत आखली, हॉटेल कार्बन मेझरमेंट इनिशिएटिव्ह नावाची. तिच्यात बाहेर दिलेल्या कपड्यांचीही ऊर्जा धरावी लागते, आणि सभागृहांचा भार खोल्यांपासून वेगळा काढावा लागतो. ही पद्धत मोठ्या साखळी हॉटेलांसाठी केली असली तरी हे दोन नियम आम्ही जसेच्या तसे घेतले. लग्नाचा हॉल वेगळा काढला नाही, तर नाशिकच्या निम्म्या हॉटेलांची तुलनाच निरर्थक होईल.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते. प्रत्येक हॉटेलचे बारा-चोवीस महिने घेऊन मी एक आलेख काढते. आडव्या रेषेवर त्या महिन्यात भरलेल्या खोल्या, उभ्या रेषेवर युनिट. महिन्याचा एक ठिपका. ठिपक्यांमधून सरळ रेघ ओढायची. रेघ किती तिरपी आहे यावरून एक खोली जास्त भरली तर किती वीज वाढते ते कळतं. आणि ती रेघ मागे वाढवत नेली की उभ्या रेषेला जिथे टेकते, तो आकडा म्हणजे एकही पाहुणा नसताना हे हॉटेल किती वीज खाईल. मालकांचं लक्ष तिरकेपणाकडे असतं, पाहुणा एसी चालू ठेवून बाहेर जातो, पाणी उघडं टाकतो, अशा तक्रारी त्यांच्या मनात असतात. मला बहुतेक आलेखांत उलटं दिसलं. रेघ फारशी चढत नव्हती. ती सुरूच खूप वरून होत होती.

हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नसे. रिकामं हॉटेल इतकं कसं खाईल? मग 2020 ची टाळेबंदी आली. मार्चअखेरीस हॉटेलं बंद झाली. महाराष्ट्रात लॉज आणि हॉटेलं पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती 8 जुलैपासून, तीही एक तृतीयांश क्षमतेने. मधले तीन महिने इमारतीत पहारेकरी आणि एखादा टेक्निशियन, बस. त्या काळात लघुदाब ग्राहकांना सरासरीवर बिलं गेली होती, म्हणून एकेका महिन्याचा आकडा निरुपयोगी होता. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग घेतलं गेलं तेव्हा तोवरच्या बंदीचा एकत्र आकडा हाती आला. क्वारंटाइनसाठी दिलेली हॉटेलं मी बाजूला काढली. उरलेल्यांत रिकाम्या इमारतीचा मीटर थांबलेला नव्हता, आणि ज्यांच्या आलेखाची रेघ आधीच फार वरून सुरू होत होती त्यांचाच बंदीतला आकडाही मोठा होता. धंद्यासाठी तो काळ फार वाईट होता, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्याबद्दल आनंद मानण्यासारखं काही नाही. पण रेघेचं म्हणणं खरं आहे हे तेव्हा दादांनी स्वतःच्या मीटरवर पाहिलं आणि त्यानंतर त्यांनी मला रात्री इमारत फिरायची परवानगी दिली.

रात्रीची फेरी हा माझ्या कामाचा सर्वांत उपयोगी भाग. दोन ते चार. किचन बंद, लिफ्ट थांबलेली, पाहुणे झोपलेले. जे चालू आहे ते सगळं उघडं पडतं. हातात क्लॅम्प मीटर, टॉर्च आणि सोबत रात्रपाळीचा माणूस. दादांच्या हॉटेलात आमच्याबरोबर असायचे मामा, तीस-एक वर्षं देखभालीत काढलेले. ते पॅनेलवर हात ठेवूनच सांगत, कोणती मोटर कुठे चालली आहे. त्यांच्यासोबत फिरताना मिळालेल्या गोष्टी लिहिते. बँक्वेट हॉलचा एअर हँडलिंग युनिट चालू, हॉल रिकामा. कारण संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर तो बंद कोणी करायचा हे ठरलेलं नाही, बँक्वेटवाल्यांना वाटतं देखभाल करील आणि देखभालीला वाटतं बँक्वेट सांगेल. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पूर्ण वेगाने फिरतो आहे आणि एसीने थंड केलेली डायनिंगची हवा ओढून छतावर फेकतो आहे. वॉक-इन कूलरच्या दाराचा रबर एका कोपऱ्यात फाटलेला, आतल्या पंख्यावर बर्फ साचलेला, काँप्रेसर थांबतच नाही. आणि डिसेंबरात, बाहेर अंगावर शाल घ्यावी अशी थंडी असताना, चार खोल्यांसाठी शंभर टनांचा चिलर सुरू.

चिलरचं थोडं सांगायला हवं. पाणी गार करून सगळ्या इमारतीला गारवा देणारं हे मोठं यंत्र फार कमी भारावर चालवलं तर यंत्राची वीज घटते, पण त्याच्याबरोबरचे थंड पाण्याचे पंप, कंडेन्सरचे पंप, कूलिंग टॉवरचा पंखा हे सगळे तेवढेच खातात. चार खोल्यांना गारवा देण्यासाठी पूर्ण साखळी जागी ठेवावी लागते. नाशिकची रात्र मार्चच्या मध्यापर्यंत थंड असते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या गावाला मुंबईचा एसीचा नियम लावायचं कारण नाही. त्या हॉटेलात हिवाळ्यातल्या रात्रींसाठी एक लहान स्वतंत्र युनिट बसवलं आणि चिलरला रात्री सुट्टी दिली. पंपांना आणि पंख्यांना वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी उतरवला तर त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते, वेगाच्या घनाच्या प्रमाणात ती बदलते म्हणून. हे पुस्तकातलं गणित मामांनी क्लॅम्प मीटर लावून स्वतः पाहिलं, आणि मग त्यांनीच दुसऱ्या शिफ्टला शिकवलं.

रात्री चालू असलेलं सगळंच बंद करायचं नसतं, हेही सांगते. सांडपाणी प्रक्रियेचे ब्लोअर थांबवले तर त्यातले जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत वास येतो. आगीच्या पंपाला हात लावायचा नाही. तळघरातली हवा खेळती ठेवणारे पंखे अंदाजाने बंद करायचे नाहीत. वीज वाचवण्याच्या उत्साहात एखाद्या हॉटेलात हे होतं आणि मग सगळ्याच बचतीवरचा विश्वास उडतो.

गरम पाणी हा नाशिकचा खास प्रश्न. कंपनीच्या कामाला आलेला पाहुणा सातला आंघोळ करतो. त्र्यंबकेश्वरला, वणीला किंवा शिर्डीला निघालेलं कुटुंब पहाटे चारला करतं, आणि सगळा मजला एकदमच करतो. साठ खोल्या, प्रत्येकी तीन माणसं, माणशी चाळीस लिटर धरलं तर सात हजार दोनशे लिटर पाणी. ते 22 अंशांवरून 42 अंशांवर न्यायला 167 युनिट उष्णता लागते. गीझरने करायचं तर तेवढी वीज, वर गीझर रात्रभर चालू ठेवल्याने वाया जाणारी वेगळी. सोलर वॉटर हीटर आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या हॉटेलांत मी पहाटे टाकीचं तापमान घेतलं आहे. दुपारी छान तापलेलं पाणी रात्रभर गारठून पहाटे कोमट झालेलं असतं, कारण टाकीचं इन्सुलेशन जुनं आणि गच्चीवरून येणारा पाइप उघडा. मग बॅकअपचा हीटर सुरू होतो, आणि सोलर असूनही बिल उतरत नाही.

त्याहून मोठी अडचण पंचांगाची आहे. त्र्यंबकची सर्वांत मोठी गर्दी श्रावणात, तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला. त्याच दिवसांत नाशिकवर ढग उतरलेले असतात. सिंहस्थ कुंभमेळ्याची स्नानंही याच ऋतूत येतात. 2015 मध्ये नाशिकची शाही स्नानं 29 ऑगस्ट, 13 सप्टेंबर आणि 18 सप्टेंबरला झाली होती. म्हणजे ज्या दिवशी हॉटेल शिगोशीग भरतं आणि प्रत्येकाला गरम पाणी हवं, त्या दिवशी सोलर सर्वांत अशक्त. वर्षाच्या सरासरीवर आखलेली सोलरची योजना इथे कोलमडते. या हवेत हीट पंप चांगला चालतो. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, आणि पावसाळ्यातली आपली दमट, पंचवीस अंशांची हवा त्याला मानवते. एका युनिट विजेत तो सुमारे तीन युनिट उष्णता देतो. वरचे 167 युनिट मग पंचावन्न-साठवर येतात. आधी सोलर, उरलेलं हीट पंप, आणि विजेचा हीटर फक्त अडीअडचणीला, हा क्रम मी आता सगळ्यांना सांगते. जिथे बोअरचं पाणी आहे तिथे क्षार हीटरवर आणि सोलरच्या नळ्यांत साचतात, म्हणून आधी पाण्याची कठिणता तपासायची.

खोलीतल्या एसीबद्दल वाद सगळ्यांत जास्त होतात, आणि त्यात खरी चावी हाउसकीपिंगच्या हातात असते. खोली आवरून झाली की एसी 18 वर लावून निघायचं, म्हणजे पाहुणा आल्याबरोबर गार वाटेल, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. पाहुणा येतो संध्याकाळी, एसी चालतो दुपारपासून. सेटिंग एक अंश वर नेलं तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतं, आणि 1 जानेवारी 2020 पासून नवे रूम एसी 24 अंशांवरच सुरू होतील असे येतात. पण जुने एसी आणि जुनी सवय राहतेच. एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या मावशींनीच तोडगा काढला : फ्रंट ऑफिसने चेक-इनच्या आधी मजल्यावर फोन करायचा, आणि त्यांनी पडदे ओढून एसी 24 वर लावायचा. पश्चिमेच्या खोल्यांचे पडदे दुपारी ओढलेले असले तर खोली मुळात तापतच नाही, हेही त्यांनीच सांगितलं. खाचेत कार्ड असेल तरच खोलीला वीज देणाऱ्या की-कार्डावर खर्च केलेल्या मालकांना हे पटवायला वेळ लागला, पण तिथेही पाहुणे दुसरंच कुठलं तरी कार्ड खाचेत ठेवून निघून जायचे.

या विषयात महाराष्ट्रात कोणी आधी काही केलं नाही असं नाही. विठ्ठल कामतांनी 1997 मध्ये मुंबईत विमानतळाजवळ 'ऑर्किड' सुरू केलं ते पर्यावरणाचा विचार पाया धरून, आणि आशियातलं पहिलं इकोटेल प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून त्याची नोंद झाली. मराठी माणसाने हे तेव्हा केलं याचा मला अभिमान आहे. पण पंचतारांकित हॉटेलचे आकडे आमच्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलला लावता येत नाहीत. अमेरिकेत एनर्जी स्टार ही सरकारी व्यवस्था हॉटेलांना 1 ते 100 गुण देते, 50 म्हणजे मधोमध आणि 75 किंवा त्याहून जास्त असतील तर प्रमाणपत्र. ती हवामान, खोल्या, कर्मचारी, शीतगृहं, स्वयंपाकघर असं सगळं धरते. पद्धत उत्तम आहे, पण तिच्या मागे तिकडची हॉटेलं आहेत. पंख्याचे लॉज, पहाटे चारची आंघोळ आणि लग्नाचं लॉन तिच्यात नाही. नाशिकला नाशिकचाच तक्ता हवा, आणि तो नाशिकच्या हॉटेलांनीच भरायला हवा.

तक्ता वाचतानाही सावध राहावं लागतं. सर्वांत कमी आकडा आला तो एका लॉजचा. प्रत्यक्ष पाहिलं तर तिथे गरम पाणी सकाळी दोनच तास, जिन्यात दिवा नाही, आणि म्हातारी माणसं अंधारात भिंत धरून उतरत होती. असल्या कमी आकड्याचं कौतुक मी करणार नाही. म्हणून आता प्रत्येक अक्षरापुढे सेवाही लिहितो : गरम पाणी किती तास, लिफ्ट आहे का, एसीच्या खोल्या किती.

पैसा आणि युनिट यांतही फरक करावा लागतो. 2020 च्या एप्रिलपासून उच्चदाब ग्राहकांना आणि 20 किलोवॉटवरच्या लघुदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असेल तर न वापरलेल्या कामाचेही पैसे मोजावे लागतात. जळलेला कॅपॅसिटर बदलला की रक्कम उतरते. कॉन्ट्रॅक्ट डिमांड गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवली असेल तर ती कमी करून घेतल्यानेही उतरते. यात मालकाचा फायदा आहे आणि तो त्याने जरूर घ्यावा. पण त्याने कोळसा फारसा वाचत नाही. ग्रीडच्या एका युनिटमागे सात-आठशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कमी व्हायचा तर युनिटच कमी व्हायला हवेत. अंबडच्या कंपन्यांत परदेशी पाहुणे येतात तेव्हा काही कंपन्या आता हॉटेलला विचारतात, एका खोलीच्या एका रात्रीमागे तुमचा कार्बन किती. ज्यांच्याकडे तक्ता आहे ते अर्ध्या तासात उत्तर पाठवतात.

2026 च्या ऑक्टोबरअखेरच्या ध्वजारोहणापासून नाशिक सिंहस्थात जाईल आणि 2027 च्या पावसाळ्यात स्नानं होतील. त्र्यंबक रस्त्यावर आणि आग्रा रोडला त्यासाठी नव्या इमारती उठत आहेत. मी त्यांच्या वास्तुविशारदांना भेटते तेव्हा सौर पॅनेलबद्दल बोलायच्या आधी एकच मागणी करते : मुख्य पॅनेलमधून निघणाऱ्या तारा आत्ताच वेगळ्या काढा. खोल्यांची एक, स्वयंपाकघराची एक, लाँड्रीची, हॉलची, गरम पाण्याची, एसीची. प्रत्येकीवर सबमीटर बसेल एवढी जागा सोडा. भिंती उभ्या राहण्याआधी याचा खर्च नगण्य असतो. नंतर करायचं तर अर्धं हॉटेल फोडावं लागतं आणि मग ते कोणी करत नाही. बरेच जण ऐकून घेतात, काही जण नकाशा पुढे ओढून तिथेच खूण करतात. दादांच्या नव्या विस्तारात सहा सबमीटर लागले आहेत. रात्रपाळीचा माणूस दोन वाजता आणि चार वाजता त्यांचे आकडे वहीत लिहितो, आणि सकाळी मामा ते वाचून ठरवतात की आज आधी कुठे जायचं.